वटवाघळे मारून लिची वाचत नाही

मॉरिशसच्या राजचिन्हात ढालीच्या एका बाजूला डोडो आहे, दुसऱ्या बाजूला सांबर, आणि दोघांच्या सोबतीला ऊस. डोडो नामशेष होऊन साडेतीनशे वर्षे होत आली. तिथली हरणे डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणून सोडलेली. ऊसही बाहेरचाच. म्हणजे ज्या चिन्हाने हा देश जगाला आपली ओळख सांगतो, त्यात बेटाचा स्वतःचा असा प्राणी एकच, आणि तोही मेलेला. मला हे राजचिन्ह भलतेच प्रामाणिक वाटते. माणूस आल्यापासून या बेटावर मूळच्या जिवांचे जे झाले ते त्यात जसेच्या तसे उतरले आहे, आणि २०१५ पासून तिथल्या सरकारने जे आरंभले तेही त्याच धर्तीचे आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मॉरिशसच्या संसदेने वन्यजीवांविषयीचा नवा कायदा संमत केला. आधीच्या कायद्यात संरक्षित असलेल्या प्राण्यालाही, तो उपद्रवी ठरला तर, सरकारला मारता येईल अशी वाट या कायद्याने मोकळी केली. महिनाभरात बंदूकधारी पथके जंगलात गेली आणि त्या हंगामात सुमारे ३१ हजार फलाहारी वटवाघळे मारली गेली. पुढच्या वर्षी आणखी सात हजारांवर. २०१८ मध्ये सरकारने ६५ हजार वटवाघळे उरली आहेत असे धरून त्यांपैकी २० टक्के, म्हणजे १३ हजार, मारायचे ठरवले. त्यांचा गुन्हा असा की ती लिची आणि आंबे खातात.

हे वटवाघूळ, टेरोपस नायजर, जगात फक्त मॉरिशस आणि शेजारचे रियुनियन या दोन ज्वालामुखीय बेटांवर आहे. रियुनियनवरून तर ते अठराव्या शतकाच्या सुमारास नाहीसे झाले होते. अलीकडे मोजकी काही समुद्र ओलांडून परत आली. थोडक्यात, जगातली जवळजवळ सगळी वटवाघळे एकाच बेटावर, आणि त्यांतला मोठा हिस्सा दोन हंगामांत गोळीने गेला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये या जातीला 'असुरक्षित' गटातून काढून 'संकटग्रस्त' गटात टाकले. कारण उघड होते.

माझ्या मते हा निर्णय निसर्गाच्या दृष्टीने चुकला, तसाच लिची पिकवणाऱ्याच्या दृष्टीनेही चुकला. प्राणी मारणे हे मुळातच पाप आहे असे मी म्हणत नाही. पुढे येईलच, बेटांवर काही प्राणी मारावेच लागतात. प्रश्न कोणता प्राणी मारला याचा आहे, आणि काय काय ठाऊक असताना मारला याचा.

मॉरिशसच्या वटवाघळांबद्दल मराठीत कशाला लिहायचे, असे कुणी विचारेल. एक कारण पायाखालचेच आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण स्रोतातून दख्खनचा लाव्हा वाहिला, सह्याद्रीचे काळे थर ज्याने रचले, तोच स्रोत पुढे समुद्राखाली धुमसत राहिला असे भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग उमटत गेली. मॉरिशस त्याच रांगेतले, ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी पाण्यावर आलेले. रियुनियन सर्वांत धाकटे. तिथला पितों द ला फुर्नेझ अजून अधूनमधून लाव्हा ओकतो. रायगडाचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ यांचे मूळ एकच आहे.

दुसरे कारण माणसांचे. १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या करारावर, जे हिंदुस्थानी मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आज तिथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. तिसरे कारण जरा अवघड आहे. माणसांबरोबर आपल्याकडचे इतरही बरेच काही तिथे गेले. टोळांचा बंदोबस्त करायला १७६२ मध्ये भारतातून साळुंकी नेली. एका देशातून दुसऱ्या देशात कीड मारायला प्राणी नेण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत तिचे नाव घेतात. उंदीर मारायला १९०० च्या सुमारास मुंगूस नेले. त्याने उंदरांबरोबर पक्ष्यांचीही घरटी साफ केली. शिपाई बुलबुल गेला, आपला नेहमीचा हिरवा पोपट गेला आणि तिथल्या मूळच्या एको पोपटाच्या ढोल्या बळकावून बसला. आंब्याचे झाड तर गेलेच. तेव्हा या वादात आपण अगदीच त्रयस्थ नाही.

आता त्या बेटाकडे वळू. समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर काढलेले बेट सुरुवातीला निव्वळ जळलेला दगड असते. ते कोणत्याही खंडाला कधी जोडलेले नसते, त्यामुळे चालत तिथे कुणी येत नाही. उडत यावे, तरंगत यावे, वाऱ्यावर यावे, किंवा दुसऱ्याच्या पोटातून यावे. या चाळणीतून जे गळून पोचले त्यांतूनच सगळे घडते. मॉरिशसवर माणूस येईपर्यंत जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. वटवाघळे तेवढी होती, कारण त्यांना पंख होते. उंदीर नाही, मांजर नाही, माकड नाही. मग जी कामे दुसरीकडे हरणे, माकडे, खारी करतात ती इथे भलत्याच जिवांनी अंगावर घेतली. महाकाय कासवांच्या दोन जाती गवत आणि पाला चरत, पडलेली फळे गिळत. एका कबुतराने उडणे सोडले, आकार वाढवला आणि तो डोडो झाला. त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक आपल्याच निकोबारात आहे, निकोबारी कबूतर. चकचकीत हिरव्या-तांबूस पिसांचा हा पक्षी पाहून डोडोची आठवण कुणालाही येणार नाही, पण जनुके तसे सांगतात.

पाली आणि फुले यांचे तिथे जे जमले आहे, ते मला डोडोपेक्षाही विलक्षण वाटते. मॉरिशसच्या हिरव्यागार पाली रात्री नव्हे तर दिवसा हिंडतात, आणि त्या मध पितात. फुलांनीही त्यांच्याशी जुळवून घेतले. धबधब्याच्या कड्यावर उगवणाऱ्या नेसोकोडॉन नावाच्या झुडपाचा मध लाल असतो. बाकी जगात मध बहुधा पाण्यासारखा नितळ. त्रोशेशिया या बेटाच्या राष्ट्रीय फुलाचाही मध रंगीत. पालीची नजर रंगाकडे लगेच वळते, म्हणून हा खटाटोप. रूसिया नावाची एक वेल तर परागीभवन आणि बीजप्रसार ही दोन्ही कामे एकाच पालीकडून करून घेते. पाल फुलाला येते तेव्हा पराग नेते, फळाला येते तेव्हा बी नेते. बाहेरून आलेल्या मुंग्यांनी अलीकडे या वेलीची फुले ताब्यात घेतली, आणि मुंग्या असल्या की पाल फिरकत नाही. अशा बेटावर एक दुवा निखळला की त्याची जागा घ्यायला दुसरा कुणी तयार उभा नसतो. मुख्य भूमीवर एक फळ दहा प्राणी खातात. इथे दोन, कधी एक.

फळे खाणाऱ्यांची यादी एके काळी बरी होती. डोडो, दोन्ही कासवे, रुंद चोचीचा मोठा पोपट, निळे कबूतर, गुलाबी कबूतर, मोठा सरडा, आणि वटवाघळांच्या दोन जाती. डच जहाजे १५९८ मध्ये लागली, वसाहत १६३८ मध्ये झाली. डोडोचे शेवटचे विश्वासार्ह दर्शन १६६२ मधले मानतात, तेही मुख्य बेटावर नव्हे, शेजारच्या एका खडकावर. पोपट गेला, कासवे गेली, निळे कबूतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गेले, लहान वटवाघूळ त्याच शतकाच्या उत्तरार्धात. गुलाबी कबूतर अगदी काठावरून परत आणले गेले, पण ते आज काहीशेच आहे. मोठ्या बियांची फळे तोंडात धरून दूरवर नेणारा, संपूर्ण बेटभर हिंडणारा असा एकच जीव उरला. सरकारने बंदुका रोखल्या त्या त्याच्यावर.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ती अजूनही शाळेच्या पुस्तकांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरते. १९७७ मध्ये स्टॅनली टेम्पल या अमेरिकी शास्त्रज्ञाने लिहिले की तंबालाकोक या झाडाची केवळ १३ म्हातारी झाडे उरली आहेत, कारण त्याची बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नसे. गोष्ट सुंदर होती. पण ती टिकली नाही. त्या १३ झाडांपेक्षा कितीतरी जास्त झाडे होती, त्यांत तीनशे वर्षांपेक्षा खूपच तरुणही होती, आणि बी डोडोशिवायही रुजते. झाडावर खरी आफत आहे ती माकडे, रानडुकरे आणि हरणे यांची, शिवाय वाढीची जागा बळकावणाऱ्या परक्या झुडपांची. मला या प्रकरणातून जे घ्यावेसे वाटते ते असे की निसर्गाच्या बाजूने बोलतानाही पुरावा तपासावाच लागतो. म्हणून 'वटवाघूळ मेले की जंगल उद्या मरेल' असे मी लिहिणार नाही. एखादे झाड पाचशे वर्षे जगते; त्याच्या बिया कुणी नेल्या नाहीत तर आज काहीच दिसत नाही. दिसते ते नातवंडांच्या काळात, जेव्हा म्हातारी झाडे वादळात पडतात आणि त्यांच्याखाली रोपे नसतात.

आणि जंगल तरी किती उरले आहे? चांगल्या प्रतीचे मूळचे जंगल बेटाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. आधी काळ्या लाकडासाठी एबनीची झाडे गेली, मग उसासाठी सपाटीवरचे जवळजवळ सगळेच. जे डोंगरांच्या घळींत, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात उरले, त्यात ब्राझीलकडून आलेल्या चिनी पेरूच्या झुडपांनी इतकी दाटी केली आहे की मूळच्या झाडाला उजेड मिळत नाही, फूल धरत नाही, फळ धरत नाही. जिथे ही झुडपे उपटून काढली तिथे मूळच्या झाडांना फळ अधिक धरले आणि वटवाघळेही तिथे अधिक चरायला आली, असे तिथल्या संशोधकांनी मोजून दाखवले आहे. मग ज्याचे रान गेले, उरल्या रानातले फळ गेले, तो रात्री गावातल्या लिचीवर उतरला तर त्यात नवल कसले? लिची चीनची, आंबा आपला, दोन्ही गोड, दोन्ही नेमकी त्या हंगामात पिकणारी.

शेतकऱ्याची बाजू मी हलकी करणार नाही. कोकणात आंबा-काजूच्या बागायतदाराला माकडांबद्दल विचारा. शहरात बसून प्राणिप्रेम शिकवणाऱ्याला तो काय ऐकवतो ते ऐकण्यासारखे असते. हाती आलेले पीक एका रात्रीत जमिनीवर चावून टाकलेले दिसले की माणसाचा तोल जातो, आणि तो जायचाच. मॉरिशसमध्ये लिचीच्या मोठ्या, मोकळ्या झाडांचे वटवाघळांमुळे होणारे नुकसान लक्षणीय असते, हे वटवाघळांची बाजू घेणारे संशोधकही नाकारत नाहीत. पण पिकलेले फळ साळुंकीही खाते, बुलबुल खातो, पोपट खातो, उंदीर आणि माकडे खातात, वाऱ्याने पडते, अति पिकून फुटते. यातले वटवाघळाच्या नावावर किती, हे सकाळी झाडाखाली उभे राहून सांगता येत नाही. वटवाघूळ मात्र मोठे, काळे, रात्री कलकलाट करणारे. दोष चिकटायला त्याच्याइतके सोयीचे कुणी नाही.

शिवाय हा प्रश्न केवळ बागायतदारांचा राहिलेला नाही. मॉरिशसमध्ये अंगणात लिची किंवा आंबा असलेली घरे असंख्य आहेत, आणि अंगणातले झाड ज्याचे त्याचे मतही असते. २०१४ च्या डिसेंबरात निवडणुका होऊन सत्ता बदलली, आणि पुढच्या हंगामापर्यंत कायदा तयार होता. राष्ट्राध्यक्षपदी तेव्हा अमीना गुरीब-फकीम होत्या, आयुष्य बेटाच्या वनस्पतींच्या अभ्यासात घालवलेल्या शास्त्रज्ञ. पण तिथले राष्ट्राध्यक्षपद आपल्यासारखेच नामधारी. निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. आंतरराष्ट्रीय संस्थांनी विरोध केला, मॉरिशस विद्यापीठातले व्हिन्सेंट फ्लोरेन्स यांच्यासारखे पर्यावरणशास्त्रज्ञ जाहीरपणे बोलले. तरी बंदुका चालल्याच.

आणि चालवून मिळाले काय? फ्लोरेन्स आणि क्लॉडिया बायडर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की एवढी कत्तल होऊनही फळ पिकवणाऱ्यांचा नफा वाढला नाही. मला याचे आश्चर्य वाटत नाही. वटवाघूळ एका रात्रीत मैलोनमैल उडते. दिवसा ते घळीतल्या झाडांवर हजारोंच्या वस्तीने लटकते, आणि गोळ्या झाडल्या जातात त्या तिथे. तिथे मेलेले वटवाघूळ अमक्याच्या अंगणात येणारेच होते असे कुणीही सांगू शकत नाही. वस्तीवर गोळीबार झाला की उरलेली उडून बेटभर विखुरतात. झाडावर फळ पिकलेले आणि उघडे आहे तोवर त्याला कुणीतरी येणारच. पन्नासऐवजी तीस आली तरी सकाळचे दृश्य फारसे बदलत नाही. ज्याचे नुकसान झाले होते त्याचे ते होतच राहते. त्याला फक्त सरकारने काहीतरी केले एवढे समाधान मिळते.

त्या समाधानाची किंमत कुणी मोजली ते पाहा. फलाहारी वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. लिची पिकते नोव्हेंबर-डिसेंबरात, दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्याच्या तोंडावर. नेमके तेव्हाच अनेक माद्यांच्या अंगावर पिल्ले असतात. त्या दिवसांत मारलेल्या मादीबरोबर न मोजलेले आणखी एक जाते. उंदरांची संख्या अशी घटवली तर दोन-तीन हंगामांत भरून येते. वटवाघळांची येत नाही. आणि त्यावर वादळांची टांगती तलवार. हिंदी महासागरातले एक मोठे चक्रीवादळ वटवाघळांची अख्खी वस्ती झोडपते आणि रानातली फळेही झाडून टाकते, म्हणजे वादळातून वाचलेली पुढे उपाशी मरतात. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरचे सोनेरी वटवाघूळ १९७० च्या दशकात अशाच वादळांनी आणि जंगलतोडीने शंभराच्याही खाली गेले होते. १९७६ मध्ये प्राणिसंवर्धक जेराल्ड ड्युरेल यांनी काही जर्सी बेटावरच्या आपल्या प्राणिसंग्रहालयात नेऊन त्यांची पैदास केली, इकडे बेटावर झाडे लावली गेली, आणि आज ती हजारोंनी आहेत. एवढे शेजारी घडलेले असताना मॉरिशसने आपल्या वटवाघळांची शिल्लक स्वतःच्या हाताने उणे करावी, आणि वाट पाहावी पुढच्या वादळाची? एकाच बेटावर राहणाऱ्या जातीला दुसरे खाते नसते.

'पण तुम्हीच तर बेटांवर प्राणी मारता', हा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मॉरिशसच्या उत्तरेला राउंड आयलंड नावाचे राखेच्या दगडाचे छोटे बेट आहे. तिथे सोडलेल्या शेळ्या आणि ससे यांनी पामची झाडे खाऊन जमीन उघडी पाडली, पावसाने माती समुद्रात गेली, आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेले साप आणि सरडे संपत आले. बिळात राहणारा एक अजगरवर्गीय साप तर १९७५ नंतर दिसलाच नाही. शेळ्या १९७९ पर्यंत काढल्या, ससे १९८६ मध्ये विष घालून संपवले. झाडे परत फुटली. जी महाकाय कासवे मूळची नव्हती पण मेलेल्यांची जागा घेऊ शकत होती, अशी सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाची कासवे २००७ पासून तिथे सोडली. मी त्या सशांच्या मृत्यूच्या बाजूने आहे. ससा जगात कोट्यवधींनी आहे. राउंड आयलंडची पाल एका डोंगरावर मावते. ससे त्या बेटावर माणसाने आणले होते, ते काढण्याची जबाबदारी माणसाचीच होती, आणि काढले की काम संपत होते. वटवाघळांच्या बाबतीत यातले एकही वाक्य लागू होत नाही. ती कुणी आणलेली नाहीत. ती दुसरीकडे नाहीत. आणि दरवर्षी मारत राहावे लागते.

उलट जे खरोखर आणलेले आहेत त्यांच्याशी बेटाचे नाते पाहिले की हसू येते. जावाची हरणे मोठमोठ्या खासगी आणि भाडेपट्ट्याच्या जमिनींवर शिकारीसाठी आणि मांसासाठी जोपासली जातात. लांब शेपटीची माकडे गुलाबी कबुतराची अंडी खातात, मूळच्या झाडांची कच्ची फळे चावून फेकतात. मॉरिशस त्या माकडांची पैदास करून जगभरच्या प्रयोगशाळांना विकते, आणि या व्यापारातल्या मोठ्या देशांत त्याची गणना होते. माकडाच्या मागे परकीय चलन आहे, हरणाच्या मागे जमीनदार आहे. वटवाघळाच्या मागे प्राध्यापक आहेत.

हे सगळे त्याच देशात घडते ज्याने पक्षी वाचवण्याचे काम जगाला शिकवले, हे विशेष. १९७४ मध्ये मॉरिशसचे छोटे ससाणे जंगलात चारच उरले होते. वेल्सहून १९७९ मध्ये आलेल्या कार्ल जोन्स यांनी मादीने घातलेली पहिली अंडी काढून घेतली म्हणजे ती दुसऱ्यांदा घालते, या साध्या युक्तीवर पिल्ले वाढवली. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास होते, एको पोपट तसाच. तिन्ही आज शेकड्यांत आहेत. घरट्याशी पहारा, खाद्याचे ठेवे, उंदरांसाठी सापळे, आणि हे सर्व दशकानुदशके. एका पक्ष्यामागे एवढा घाम गाळणाऱ्या बेटाला, जो प्राणी अजून हजारोंनी शिल्लक आहे तो तसाच ठेवणे परवडत नाही हे मला पटत नाही. चारावरून परत येण्यापेक्षा साठ हजारांवर थांबणे पुष्कळच स्वस्त.

आपण मॉरिशसला उपदेश करण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उपद्रवी प्राण्यांची पाचवी अनुसूची होती, आणि तीत कावळा, उंदीर, घूस यांच्या रांगेत फलाहारी वटवाघूळही बसवलेले होते. म्हणजे आपले वटवाघूळ मारायला पन्नास वर्षे कुणाची परवानगीच लागत नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. आपली वटवाघळे वाचली ती उपखंडभर पसरलेली असल्यामुळे आणि वडा-पिंपळाच्या धाकामुळे, कायद्यामुळे नव्हे. मॉरिशसच्या वटवाघळाला उपखंड नाही.

मग करायचे काय? उत्तर नवे नाही, आणि कंटाळवाणे आहे: जाळी. जाळीखालच्या झाडांचे नुकसान कितीतरी पटींनी घटते, हे मॉरिशसच्याच बागांत मोजले गेले आहे. सरकार जाळ्यांना अनुदानही देते. अडचण अशी की जाळी ताणून, चौकटीवर, फळापासून दूर बसवावी लागते. नुसती झाडावर फेकली तर वटवाघूळ बाहेरून चावते किंवा अडकून मरते. आणि अंगणातली जुनी लिची दोन मजली घराएवढी उंच. तिच्यावर जाळी टाकणे म्हातारा-म्हातारीच्या आवाक्यातले नाही. अनुदानाची रक्कम दुकानातल्या जाळीपुरती देऊन सरकार मोकळे होत असेल तर ती जाळी कोनाड्यातच राहणार.

म्हणून पैसा आधी छाटणीवर खर्च व्हावा. बागेतली झाडे ठेंगणी ठेवली तर जाळी बसते, तोडणीही सोपी जाते. अंगणातल्या झाडांसाठी नगरपालिका आणि जिल्हा परिषदांनी छाटणारी, जाळी बांधणारी पथके ठेवावीत. गोळीबाराला जी माणसे आणि वाहने मिळाली ती यालाही मिळू शकतात. जे झाड फारच उंच आहे त्याचा शेंडा वटवाघळांना सोडून द्यावा आणि खालच्या फांद्यांना जाळी घालावी. व्यापारी बागायतदाराला विमा हवा, तोही नुकसान कुणी केले याची नीट पाहणी करून. वटवाघळांची गणना कृषी खात्याने स्वतः करू नये. ज्याला आकडा मोठा हवा आहे त्याने मोजलेला आकडा कुणी मानत नाही. आणि राष्ट्रीय उद्यानातला चिनी पेरू उपटण्याचे काम आज जेवढ्या तुकड्यांवर चालते त्याच्या अनेक पटींनी वाढवावे, कारण रानात फळ असेल तर गावावरचा भार थोडा तरी कमी होईल. थोडाच होईल, हेही सांगून टाकावे. लिची गोड असते, वटवाघळाला ते कळते.

लिचीची छाटणी तोडणी उरकल्यावर लगेच, जानेवारी-फेब्रुवारीत करायची असते. मॉरिशसमध्ये वटवाघळांची चर्चा मात्र पेटते नोव्हेंबरात, फळ लाल व्हायला लागले की, जेव्हा छाटायला उशीर झालेला असतो आणि बंदूक तेवढी हाताशी असते. कायद्यातली ती वाट बुजवायची असेल तर फळ नसलेल्या महिन्यांतच बुजवावी लागेल.